गोपिकाबाईंची दुसरी साक्ष

पोटाची चिमटी धरून गोपिकाबाईंनी इन्सुलिनच्या पेनाची सुई टोचली आणि नेमकी तेव्हाच कांडपाच्या शटरवर थाप पडली. त्यांनी घाईघाईनं पेन मिरचीच्या पोत्यामागं सारलं, पदर सारखा केला आणि कोण आहे म्हणून विचारलं. बाहेर सिंधूताई होत्या.

नागपूरच्या जरीपटक्यात गोपिकाबाईंचं मिरची कांडप सगळ्यांना ठाऊक. भिवापुरी मिरची कांडायची तर त्यांच्याकडेच, असं बायका म्हणत. अशा बाईवर भरदिवसा दुकान बंद करून, चोरासारखं आपलंच औषध घ्यायची वेळ आली होती. आणि ती तिनं स्वतःच्याच तोंडानं ओढवून घेतली होती.

झालं होतं असं. गोपिकाबाईंच्या ख्रिस्ती मंडळीत दर आठवड्याला कुणीतरी उभं राहून साक्ष द्यायचं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मागं एकदा तीन दिवसांची उपास-प्रार्थना झाली. ती संपल्यावर गोपिकाबाईंनी साखर तपासली, तर अगदी बरोबर आली. अहो, पोटात अन्नाचा कण नाही तर साखर वाढणार कुठून? पण एवढा विचार करायला डोकं थंड लागतं, आणि बाई तर आनंदानं वेड्या झाल्या होत्या. उभ्या राहिल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या, माही शुगर गेली. टाळ्या काय, रडणं काय! मंडळीचे पास्टर अंकुश यांनी तर त्यांना दुसऱ्या सभांनाही बोलायला नेलं. इन्सुलिन बंद झालं. महिनाभरातच बाई कांडपासमोर कोसळल्या. नवरा देवराव यांनी ऑटोत घालून डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरनं चांगलंच झापलं आणि सुया पुन्हा सुरू झाल्या. हे मंडळीत सांगायचं मात्र राहिलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता बोलायची चोरीच झाली.

सिंधूताई लंगडत आत आल्या आणि स्टुलावर टेकल्या. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, गोपिकाबाईंची जिवाभावाची मैत्रीण. ठेच लागून अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली होती, ती चिंधीनं बांधली होती. मिरचीच्या खकाण्यातही तिचा वास लपत नव्हता. गोपिकाबाईंनी विचारलं, शुगरच्या गोळ्या घेऊन राहिली ना?

"कोणत्या गोळ्या वं? तुही साक्ष ऐकली अन् त्याच दिवशी नालीत टाकल्या. तुले बरं केलं, तं मले नाही करन का तो?"

गोपिकाबाईंनी परोपरीनं विनवलं. डॉक्टरकडे चाल म्हटलं, मी संग येतो म्हटलं, ऑटो दारात बोलावतो म्हटलं. सिंधूताई हसल्या. तुले लागला का डॉक्टर, मग मलेच काहून पाठवते, असं म्हणून त्यांनी पाय पुढं केला. त्यावर हात ठेवून प्रार्थना कर, एवढंच त्यांचं मागणं होतं. गोपिकाबाईंनी हात ठेवला. इन्सुलिनचं पेन हातभर अंतरावर पडलेलं, आणि तरी त्यांच्या तोंडून खरं बाहेर पडेना. सिंधूताई समाधानानं घरी गेल्या. गोपिकाबाईंना स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी त्यांच्याच घरी जमायची होती. ज्याचं घर त्यानं बायबलमधलं वचन समजावून सांगायचं, अशी रीत. पास्टरांनी दहा कुष्ठरोग्यांचा उतारा दिला होता. विषय होता बरं होणं आणि पश्चात्ताप. शेवटी ती साक्ष पुन्हा द्या, असंही त्यांनी बजावलं होतं. सिंधूताई गेल्यावर गिऱ्हाइकं सांभाळत बाई तो उतारा वाचत होत्या. दहा जण दुरूनच हाका मारतात, आमच्यावर दया कर म्हणतात. येशू त्यांना सांगतो, जा, मंदिरातल्या याजकांना स्वतःला दाखवा. गाडी तिथंच अडली. शेवटी त्यांनी पास्टरांना फोन लावला.

"पास्टर, बरं तं तोच करून राहिला होता. मंग याजकाकडे काहून पाठवलं?"

पास्टरांनी समजावलं की तेव्हाचा नियमच तसा होता. याजकानं अंग नीट पाहायचं, खरंच बरा झालाय अशी खात्री करायची, मगच त्या माणसाला गावात घ्यायचं.

"म्हणजे तपासणी?"

हो, तसंच समजा, पास्टर म्हणाले. बाईंनी फोन ठेवला. प्रत्यक्ष देवाच्या पुत्रानं बरं केलेल्या माणसांनाही तपासून घ्या म्हणून सांगितलं, आणि आपण? तपासलं तेव्हा उपाशी पोटी, आणि पुढं जे कळलं ते पोत्यामागं. संध्याकाळी त्यांनी देवरावांना सांगितलं, उद्या सगळं बोलून टाकतो. चार शब्दांच्या जागी दोनात भागवणारा तो माणूस.

"सांग," देवराव म्हणाले. "चहा तं मी ठेवतोच. लोकं उठून गेले तं आपण दोघं पिऊ."

दुसऱ्या दिवशी घर गच्च भरलं. सिंधूताई भिंतीला टेकून, पाय लांब करून पुढंच बसल्या होत्या. गोपिकाबाईंनी उतारा सांगितला. याजकांचं सांगितलं. वाटेतच सगळे शुद्ध झाले आणि दहातला एकच आभार मानायला मागं फिरला, तेही सांगितलं. मग पास्टर कौतुकानं म्हणाले, आता आपली साक्ष द्या. बाईंनी औषधाचा डबा उघडला, इन्सुलिनचं पेन काढलं आणि हातात धरून उभ्या राहिल्या.

"माही शुगर गेली नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा मले वाटलं तेच मी बोलली. मंग खरं समजलं, अन् ते मी लपवलं. हे पाप माहं आहे. रोज सुई घेतो मी. ही पाहा."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी ती घेतली. मंडळीतले जुने वडीलधारे बापूजी ताडकन उठले. लोकांसमोर देवाची नाचक्की केली तुम्ही, असं म्हणाले.

"देवाची काहून होईन, बापूजी? माही झाली. होऊ द्या." मग त्या वळल्या. "सिंधू, तुह्या पायापुढं माही इज्जत काय घेऊन बसू? शिव्या दे, थोबाडीत मार, पण आत्ताच्या आत्ता चाल."

सिंधूताईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्या नुसत्या पाहत राहिल्या, आणि ते पाहणं गोपिकाबाईंना थोबाडीत बसण्यापेक्षा जास्त लागलं. मग सिंधूताई भिंतीला धरून उठल्या. पास्टर अंकुश खाली मान घालून बसले होते. तेही उठले आणि कुणी सांगायच्या आत ऑटो आणायला धावले. त्या दिवशी देवरावांचा चहा उरला नाही. लोक गेलेच नाहीत. दोघीतिघींनी तर हळूच देवरावांजवळ डॉक्टरचा पत्ता मागितला.

डॉक्टरनं सिंधूताईंना तिथल्या तिथं भरती केलं. एक बोट काढावं लागलं. आणखी चार दिवस घरी राहिल्या असत्या तर पाय गेला असता, असं तो म्हणाला. गोपिकाबाई रोज डबा घेऊन जायच्या. सिंधूताई जेवायच्या, डबा परत द्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. एक शब्द नाही. ते बरोबरच होतं, हे गोपिकाबाईंना कळत होतं, म्हणून त्या रोज जात राहिल्या.

सुट्टी मिळाली त्या दिवशी नर्सनं चाकाची खुर्ची आणली. सिंधूताईंनी ती नको म्हणून सांगितलं आणि खाटेच्या कडेला पाय सोडून बसल्या. चार बोटांचा तो पाय त्यांनी गोपिकाबाईंपुढं केला.

"चप्पल घालून दे वं."

गोपिकाबाई फरशीवर बसल्या. डोळ्यांना धारा लागलेल्या, तरी पट्टा त्यांनी सांभाळून लावला. सिंधूताई उभ्या राहिल्या, भार टाकून पाहिला आणि कुणाचाही हात न धरता भर गर्दीतून दवाखान्याच्या फाटकाकडे चालू लागल्या.