सोमवारची खिचडी

आमच्या शाळेच्या किचन शेडवर लाल रंगात लिहिलंय, 'शिक्षकाने चव घेतल्याशिवाय कोणालाही वाढू नये.' अक्षर माझंच. नियम सरकारचा असला तरी रुबाब माझा. तालुक्यात मीच तेवढा कडक मुख्याध्यापक, हे मी जमेल तिथे सांगत असतो. शाळेत शिक्षक दोनच, हे मात्र सांगत नाही.

त्या सोमवारी दुसरे शिक्षक, भूपेंद्र सर, प्रशिक्षणाला गेले होते आणि माझे सोळा सोमवार संपत आले होते. तो सोळावा, शेवटचाच होता. आंबागडकडच्या या टोलीवरून, एवढ्याशा वस्तीवरून, मोहाडीला, घराजवळ बदली व्हावी, म्हणून धरलेले. मीठ चालत नाही. मोडला तर पुन्हा पहिल्यापासून.

खिचडी शिजली. पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली. स्वयंपाकीण ललिताबाईंनी वाटीत घासभर खिचडी माझ्यापुढे धरली.

"घ्या, गुरुजी."

"आज उपवास आहे. तुम्ही चाखली ना?"

"मी त चाखली. पन शिक्षकानं चाखाव लागते म्हून तुमीच लिवलं ना तठी."

मी वास घेतला. वास उत्तम होता, पण वास म्हणजे चव नव्हे. मग शाळा समितीच्या मधुकररावांना फोन लावला. समितीच्या माणसाने चाखली तर चालून जाईल, अशी पळवाट मी काढली होती. ते धानाच्या कापणीत होते.

"येऊन राहिलो, गुरुजी. एवढे भारे बांधतो न निघतो."

गावात दुसरं मोठं माणूस नव्हतं. कापणीचे दिवस, आया अंधारातच धानाच्या बांधीवर जातात, पोरं तशीच उपाशी शाळेत येतात. त्यात रविवारी शाळा बंद, म्हणून सोमवारी खिचडी नेहमीच जास्त लागते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी फाटकाशी उभा राहून मधुकररावांची वाट पाहत होतो आणि वेळ जावा म्हणून पोरांकडून पाढे म्हणवून घेत होतो. शंकराची भीती आणि शासनाची भीती, दोन्ही सांभाळणारा असा कर्तव्यदक्ष माणूस दुसरा सापडायचा नाही.

पाढे हळूहळू बारीक झाले, मग थांबलेच. पहिलीतली रेणू रिकामी ताटली घेऊन माझ्याजवळ आली.

"गुरुजी, आज आमालेबी उपास हाय का?"

चेष्टा नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. असेल तर ती जागेवर जाऊन बसणार होती. मला लाज वाटली.

मी वाटी घेतली आणि घास तोंडात टाकला. "वाढा," ललिताबाईंना म्हटलं. आवाज कडकच काढायचा होता, पण तोंडात भात होता.

पोरं जेवायला लागली. मीही ताटली घेऊन रेणूशेजारी बसलो. आता मोडलाच होता, तर नीट मोडावा. तिने ताटली अर्धी होईपर्यंत मान वर केली नाही. मग तोंड पुसत म्हणाली,

"गुरुजी, पुढच्या सोमवारी जराक लवकर चाखजा."

"हो," मी म्हणालो.