ओहळाकाठचा वाफा

"आई, ऊठ तिथनं. ताई कवाच्या थांबल्यात," भिका म्हणाला. त्याच्या हातात टिकाव होता.

गंगी वाफ्याच्या मधोमध बसून राहिली. बुडाखाली माठाची पानं चुरगळली तरी हलेना.

"मना नाय खणायचा."

"वरवर खुरपून काय धरंल? लोकांचं दुधी बघ केवढं झालं. तुझा माठ वीतभर."

"वीतभर तं वीतभर. माठाला मूळ तेवढाच लागतं."

संस्थेच्या पुष्पाताई जव्हारहून येतात. मवाळ बाई. त्या गंगीजवळ उकिडव्या बसल्या. "आजी, उद्या बाग बघायला साहेब येणार. सगळे वाफे हातभर खोल खणून शेणखत भरलंय. तुमचा आणि काशीआजीचाच राहिला. आणि हे कुणासाठी? तुमच्या जगनसाठीच ना?"

जगन म्हणजे भिकाचा मुलगा. दीड वर्षाचा, अजून उभा राहत नाही. अंगणवाडीच्या काट्यावर त्याचं वजन पुन्हा उतरलं होतं. कडेवर घेतला तर हाडं टोचतात, पोट तेवढं वर आलेलं. गंगीच्या शेजारची मी, सांजेला गावदेवाला दिवा लावताना पाड्यावरच्या पोरांची नावं घेते, त्यात त्याचं पहिलं. अशा पोरांच्या पोटात घरची, बिनऔषधाची भाजी जावी म्हणून ताईंनी पाऊस सरताना ही बाग काढली.

जागा त्यांनीच हेरली. मोखाड्याकडची आमची माती तांबडी, खडकाळ. ओहळाकाठचा हा तुकडा मात्र काळा, भुसभुशीत. "एवढी चांगली जमीन पडीक कशी?" त्यांनी बैठकीत विचारलं होतं. समोर लेकुरवाळ्या बसलेल्या, मांडीवर पोरं. म्हाताऱ्या खाली बघत राहिल्या. लेकुरवाळीसमोर त्या जागेची गोष्ट काढायची नाही, तिथल्यांचं नाव तर घ्यायचंच नाही, अशी आमच्याकडची चाल. नाव निघालं की ते ऐकतं आणि मांडीवरच्याला न्यायला येतं. तिथं गुरं सोडत नाहीत एवढंच तरण्या पोरींना ठाऊक. का, ते कुणी सांगितलेलं नाही.

वाफे वाटायच्या दिवशी गंगी आणि काशी सगळ्यांच्या आधी जाऊन आपापली जागा धरून बसल्या. म्हाताऱ्यांची हौस बघून ताईंना बरं वाटलं होतं.

"लोक हसतात आई," भिका म्हणाला, आणि त्यानं वाफ्याच्या कडेला टिकाव घातला. दगड लागला. ओहळातला, चपटा. त्याला लागून दुसरा, मग तिसरा. हातानं रचावेत तसे.

"हे कुणी पुरलं?"

गंगीनं बांधाकडं पाहिलं. सून नीता जगनला घेऊन उभी होती, शेजारी बाकीच्या लेकुरवाळ्या.

"नीता, पोराला घेऊन घरी जा."

"का?"

"जा सांगत्ये तं."

नीता हलली नाही. भिकानं टिकाव पुन्हा उचलला, तशी गंगी दगडांवर पालथी पडली.

"तुझी भैन हाय हितं," ती मातीत तोंड घालूनच बोलली. "सकू. तुझ्या आधीची. त्या साली पोरं लागोपाठ गेली. कोल्ह्यानं उकरू नये म्हनून तुझ्या बापानं दगड रचलं."

वारं पडलं होतं. काशी आपल्या वाफ्यातनं म्हणाली, "माझा हितं, मेथीखाली." आणि दुधीच्या मांडवाकडं हात केला. "देवरामची दोन पोरं तिथं, पार खोल."

त्या मांडवाचे दुधी सरत्या आठवड्यात अंगणवाडीत शिजले होते. सगळ्या पोरांनी खाल्ले होते.

"आधी सांगायचं नाही का?" ताई म्हणाल्या.

"कसा सांगायचा?" काशी म्हणाली. "तुमी समद्या लेकुरवाळ्याच पुढं बसवल्या."

बायकांनी पोरांना पदराखाली घेतलं आणि एकेक करून निघाल्या. मागं कुणी वळून पाहिलं नाही.

दिवस कलला तेव्हा नीता एकटी परत बागेत गेली आणि गंगीच्या वाफ्यातला माठ खुडून आणला. चुलीवर भाजी रटरटायला लागली तशी गंगी दारात आली.

"टाक तो."

"मंग पोराला काय देऊ? आंबील नि मीठ?" नीतानं मान वर केली नाही. "असाच सुकून गेला तं मंग म्हणाल, नावानं नेला."

जगन घासाघासाला तोंड उघडत होता. गंगी बघत राहिली, त्याची छाती वरखाली होते का तेच. मग तिनं पळसाच्या पानावर भाकरीचा तुकडा आणि थोडी भाजी घेतली.

मी गावदेवाला दिवा लावून ओहळाच्या वाटेनं परतत होते. गंगीनं उघडे पडलेले दगड मातीनं झाकले होते. पान त्यावर ठेवलं, लोटीतलं पाणी भोवती फिरवलं.

"जेव बाय," ती म्हणाली. "तुझ्याच मातीतला हाय. पोटभर जेव. नि घराकडं येऊ नको."