बडेसाबची पुडी

चन्नव्वाची बोटं तव्यावर जळत होती आणि तिला पत्ता नव्हता.

मी सकाळची भाकरी न्यायला तिच्या दारात उभा होतो. भाकरी उलटता उलटता तिची दोन बोटं तव्यालाच टेकली होती आणि ती माझ्याकडं बघून हसत म्हणत होती, "आज लौकर आलास की रं, गौस." करपल्याचा वास आधी मला आला. मी ओरडलो तेव्हा कुठं तिनं हात उचलला. बोटांकडं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखं बघितलं, पाण्यात बुडवली आणि पुढचा गोळा थापायला घेतला.

"दुखत न्हाय?"

"कायबी न्हाय. मुंग्या येत्यात, तेवढंच. तुझी पुडी घेते की रोज."

ती पुडी माझी नव्हे, माझ्या बापाची. बडेसाबची. सोलापुरात ह्याच बोळात, तिच्या दारासमोर आमचं जडीबुटीचं दुकान आहे. अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी, चिमूटभर जटामांसी आणि खडीसाखर, एवढं खलात कुटून अब्बा पुड्या बांधायचे. नसांची पुडी म्हणायचे तिला. परीक्षा जवळ आल्या की पोरांच्या आया यायच्या, लग्न मोडलं की पोरींचे बाप यायचे, झोप उडालेले म्हातारे तर बारा महिने. आणि रोज दिवेलागणीला चन्नव्वा.

माझी आई मी लहान असतानाच गेली. तेव्हापासून मला आठवतात ते दोन आवाज. इकडं अब्बांचा बत्ता, तिकडं चन्नव्वाचं भाकरी थापणं. तिची कडक भाकरी पापडासारखी पातळ, विकायला बोळाबाहेर दूरवर जायची. मला मात्र तव्यावरची मऊ मिळायची, वर शेंगाचटणी आणि तेलाची धार. दुकानाच्या पायरीवर बसून ती अब्बांशी भांडायची.

"बडेसाब, पुडीत साखर वाढलीया आणि औषध कमी झालंया."

"चन्नव्वा, तुझ्या तोंडाकडं बघूनच साखर वाढवतो. कायतरी गोड जाऊ दे तिथं."

लिंगायत विधवा आणि मुसलमान वैदू बोळात उघड्यावर हसत बसायचे आणि कुणाच्या बापाची छाती नव्हती काही बोलायची. तो काळ चांगला होता असं म्हणायला मला आवडत नाही, तेव्हाही माणसं हलकटच होती. पण निदान तोंड उघडायला लाजायची.

अब्बा गेले. पुडी मी कुटायला लागलो. चन्नव्वा यायची थांबली नाही.

बोटं जळाली त्या आठवड्यातच ती बोळातनं चालत आली आणि तिची एक चप्पल वीस पावलं मागं पडलेली होती. तिला कळलंच नव्हतं. मी चप्पल उचलून दिली तर म्हणाली, "लई दिवस झाले, असंच हुतंय." मी दुकानाला कुलूप घातलं आणि तिला रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर भला होता, पण घाईत. रक्त तपासलं. रिपोर्ट आल्यावर म्हणाला, "आजी, बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे. ते मटण, अंडी, मासळीतनं मिळतं, दुधातनंही. दूध घेता का?"

"चहापुरतं."

"आणि ह्या वयात पोट ते नीट ओढूनही घेत नाही. इंजेक्शनं घ्यावी लागतील. उशीर करू नका. नसांचं जे जातं ते सगळं परत येईलच असं नाही."

नर्सनं इंजेक्शन भरलं. लाल. भडक लाल. चन्नव्वानं एकदा त्या सुईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून उठली. मटण शब्द कानात होता आणि रक्ताचा रंग डोळ्यासमोर. ती एका पायात चप्पल घालून बाहेर पडली. दुसरी टेबलाखालीच.

रिक्षातनं बोळात उतरताना म्हणाली, "पुडी दे रातीची."

दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पा आला. तिच्या दिराचा पोरगा. चुलतीच्या घरी वर्षात दोनदा जेवायला येणारा. दुकानाच्या दारात उभा राहून चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं बोलला, "गौसभाय, आमच्या चुलतीला मटणाचं विंजक्शन द्यायला निघालायसा म्हणं?"

"मटणाचं असतं तर आधी तुला दिलं असतं. तेवढंच अंगात कायतरी गेलं असतं."

"तुमच्यात चालतंय. आमच्यात न्हाय."

"तिची बोटं जळाली तवा तुमच्यातलं कोण होतं हितं?"

तो गेला, पण बोलून गेला. दुपारपर्यंत बोळभर झालं. पलीकडच्या वैजयंतीबाईंनी तर संधी साधली. त्या कसल्याशा कंपनीचे सोनेरी डबे विकतात, 'शंभर टक्के शाकाहारी नर्व्ह पावडर'. मी झाकण उघडून बघितलंय. अश्वगंधाच ती, आमच्या बरणीतलीच, फक्त डब्यात बसल्यावर तिला इंग्रजी यायला लागतं. त्यांनी एक डबा चन्नव्वाच्या चुलीशी ठेवला. मला इतका राग आला की तो डबा गटारात फेकून द्यावा असं झालं. मग वाटलं, फेकून काय? माझ्या दुकानात तरी दुसरं काय आहे?

हे मनात आलं आणि मी हातातला बत्ता खाली ठेवला.

संध्याकाळी परत डॉक्टरकडं गेलो. इंजेक्शनातलं ते लाल औषध बनतं कसं ते विचारलं. त्यानं सांगितलं. मला पटेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा तो वैतागला. पण सांगितलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला चन्नव्वा पायरीवर आली.

"पुडी दे."

"न्हाय देणार."

"का रं? संपलीया?"

"बरणी भरलीया. तुला देणार न्हाय."

"बडेसाब असता तर असं बोलला नसता."

"व्हय. अब्बांनी दिली असती. आणि तुझे हात गेले असते."

बापाच्या गादीवर बसून हे बोललो. आणि थांबलो नाही. "त्यांना ठाऊक न्हवतं, चन्नव्वा. झोपेला बरी असंल त्यांची पुडी, जीव शांत करायला बरी असंल. पर तुझ्या अंगात जे कमी हाय ते कुठल्याच झाडपाल्यात न्हाय. माझ्या न्हाय, वैजयंतीबाईच्या डब्यात न्हाय."

"मग मटणातच हाय म्हण की."

"जंतू बनवत्यात ते. कारखान्यात मोठाल्या टाक्या असत्यात, त्यात जंतू वाढवत्यात. सुईतल्या औषधात जनावर न्हाय, रगत न्हाय. तू आंबिलीला पीठ भिजवून ठेवतीस, ते कोण आंबवतंय?"

"आपोआप आंबतंय."

"आपोआप कायबी हुत न्हाय. तिथंबी जंतूच. फकस्त ते निराळ्या जातीचे."

"त्यांच्यातबी जात?"

"हितं कुणाला सुटलीया?"

तिला हसू फुटलं. पण लगेच आवरलं. "मग आंबीलच पिते की दोन वाट्या जास्त."

"आंबिलीतल्यांना हे काम येत न्हाय."

"आणि लाल का?"

"त्यात कोबाल्ट म्हणून धातू असतोय, त्यानं. दोनदा इचारून आलोय."

तिनं इष्टलिंगावरून बोट फिरवलं. पांढरं पडलेलं, फोड येऊन गेलेलं बोट. "लबाड बोलला असशील तर?"

"तर मला पुन्हा भाकरी देऊ नको."

ती उठली. रिकाम्या हातानं समोर गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी बरणीचं झाकण लावलं. समोर चूल दिसत होती, ती पेटलीच नाही त्या संध्याकाळी.

सकाळी ती नव्या लुगड्यात दारात उभी. "चल. आधी टोचून येऊ, मग पीठ मळते."

इंजेक्शन घेताना तिनं डोळे मिटले नाहीत. लाल औषध दंडात शिरेपर्यंत बघत राहिली. परतताना बसलिंगप्पा बोळाच्या तोंडाशी उभा होता. चन्नव्वा थांबली. "आले रं टोचून. तुझ्या अंगातलंबी तपासून घे. दूध तूबी चहापुरतंच पितोस."

त्यानं वाट सोडली.

इंजेक्शनं सुरू झाली तशा आधी मुंग्या वाढल्या. ती मला शिव्या घालायची, कन्नडमधनं, म्हणजे खऱ्या. मग हळूहळू बोटांना पिठाचा ओलेपणा कळायला लागला, मग ऊब. पायांची जाणीव मात्र पुरती परत आली नाही. चालताना अजून खाली बघून चप्पल आहे का ते तपासते. उशीर झाला होता. कुणामुळं, ते बोळात कुणी विचारत नाही आणि मी विसरत नाही.

आता कुणी हातापायाच्या मुंग्या सांगत आला की मी आधी रक्त तपासायला पाठवतो. काही जातात. काही सोनेरी डब्याकडं वळतात. माझी बायको झीनत डोक्याला हात लावते, "ऐसा बोलेंगे तो दुकान कैसा चलेंगा जी?" तिचंही बरोबर आहे.

पण दिवेलागणीला पायरी रिकामी असते. गिऱ्हाईक नसलं की मी समोर बघत बसतो. काल राहवलं नाही. गेलो.

"भाकरी सकाळीच नेलीस की," चन्नव्वा म्हणाली.

"व्हय."

"मग?"

"असाच आलो."

"मीबी रोज उंबऱ्यापतोर येते. पर पुडी न्हाय तर काय म्हणून यायचं, सुचतच न्हाय मला."

"मलाबी न्हाय सुचत."

तिनं चाळणी माझ्याकडं सरकवली. "धर. माझ्या घरात रिकामं कुणी बसत न्हाय."

मी पीठ चाळायला लागलो.