मागची नंबर प्लेट

सुनयनाच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवून झाली होती. आजची परिवहन कार्यालयातली तपासणी पार पडली की सोमवारपासून ती यमुनेपलीकडे, नोएडातल्या नव्या कंपनीत एकटी जाणार होती. नाहीतर रोज बाबांनीच सोडायचं आणि बाबांनीच आणायचं.

निरीक्षकांनी चाकं हलवून पाहिली, ब्रेक पाहिले आणि मागे येऊन थांबले.

"बेटी, नंबर किधर है?"

प्लेट होती, पण तिच्यावर सुनयनाच्या कुबड्या आडव्या बांधलेल्या होत्या. तिच्या बाबांनी, मुकुंदरावांनी, त्यासाठी मागे खास दांडी जोडून घेतली होती आणि जुन्या पडद्याची खोळ शिवून कुबड्यांवर चढवली होती.

"पीछे से नंबर साफ दिखना चाहिए, अंकल. ऐसे पास नहीं होगी."

"प्लेट जरा खाली घेतली तर?" मुकुंदराव मुलीकडे बघत पुटपुटले.

"खाली चाकांचा दांडा आहे, बाबा. कुबड्याच पुढे घेऊ."

"पुढे? अगं, सगळ्यांना दिसतील."

"दिसू देत की! ऑफिसात काय उडत जाणार आहे मी?"

 मुकुंदरावांनी वाकून गाठी सोडल्या. सुनयनाने खोळ काढून त्यांच्या हातात दिली आणि कुबड्या हँडलखाली उभ्या बांधल्या.

"अब ठीक है," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी सही केली.

"बाबा, तुम्ही बसने या हं!"

स्कूटर फाटकाबाहेर पडली. खोळ हातात घेऊन मुकुंदराव उभे होते. वळणापर्यंत त्यांना नंबर स्पष्ट वाचता आला.