पँटीचा हूक नवरीच्या झंपराला

बोलतोय तो मी, पँटीचा हूक. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. कमरेला हात लावून बघा, तिथं माझाच कुणीतरी भाऊबंद असेल. दिवसातून दहा वेळा आम्हाला लावता, दहा वेळा सोडता, पण कधी विचारलंत, "बाबा रे, बरा आहेस का?" नाही. सुटलो की मात्र आईमाईवरून शिव्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पत्र्यातून ठोकून काढलं, वाकवलं, चमकवलं आणि एक कडी जोडीला देऊन पुठ्ठ्यावर टोचलं. म्हणजे माझं लग्न जन्माच्या दिवशीच लागलं. कडी बोलत नाही, नुसती धरून ठेवते. एवढ्या वर्षांत तिनं मला एकदाही दगा दिला नाही. माणसांचं तुमचं तुम्ही बघा.

नगरच्या कापडबाजारातून मला पारनेरला आणलं ते रंगनाथ शिंप्यानं. स्टँडच्या मागं त्याचं पत्र्याचं दुकान. माणूस तिरसट. चौथीत शाळा सुटली, पण कुणाचं पोट किती इंच हे नुसतं बघून सांगायचा, तेही चारचौघांत. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा ढिली ठेवा," की हा म्हणायचा, "ढिली पायजे तर गोनपाट गुंडाळ." तरी गिऱ्हाईक यायचं. कारण त्याचा टाका उसवत नव्हता.

मला त्यानं आप्पासाहेबांच्या पँटीला लावलं. आप्पासाहेब म्हणजे लग्नसराईत एका दिवसात तीन पंगती उठवणारा गडी. बुंदीचा तिसरा वाढा आला की मी कडीला म्हणायचो, धर गं, आता आपली परीक्षा. आणि दुसरी परीक्षा पहाटे. तेव्हा घरोघरी संडास नव्हते. एका हातात टमरेल, पोटात कळ, आणि दुसऱ्या हातानं मला सोडायचं! वीस वर्षांत मी पंगतीत एकदाही सुटलो नाही आणि ओढ्याकाठी एकदाही अडकलो नाही. बांधायचं सामान कसं असावं, ते एवढ्यात आलं. पण आम्हाला विचारतो कोण?

पुढं आप्पासाहेबांना शुगर झाली, पोट उतरलं. रंगनाथनं पँट आत घेतली, मला उसवलं आणि बिस्किटाच्या डब्यात टाकलं. खडूचे तुकडे, फुटकी बटणं, गंजलेली सुई, आणि मी. सहा वर्षं. जाऊ द्या. त्यावर बोलायला लागलो तर रात्र पुरायची नाही.

आता मुद्द्याचं. रंगनाथची नात रेश्मा. तिचा बाप एस.टी.त ड्रायव्हर, सदा फिरतीवर, म्हणून पोरगी वाढली आजा-आजीपाशी. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या ओंकारशी तिचं लग्न ठरलं. साखरपुड्याला तिनं मोबाईलवरून एक झंपर मागवलं. कॉर्सेट म्हणे. पोटावर उभ्या प्लास्टिकच्या काड्या आणि पाठीवर नाडी, गोणीचं तोंड शिवल्यागत. ते घालून ती साडीत उभी राहिली, फोटो झकास आले. मग सुरू झालं पाया पडणं. सासरा, सासू, मामा, मावशा, गावचे चार थोर. नवव्याच्या पायावर वाकली ती तिथंच आडवी झाली.

झालं! ओंकारची आत्या कडूबाई मांडवातच म्हणाली, "पोरीला फिट येती वाटतं. लपवलं व्हय आमच्यापासून?" आठ दिवसांत गावभर. मग नवरदेवाकडच्यांचा निरोप आला, डॉक्टरचा कागद दाखवा, नाहीतर लग्नाचं पुन्हा बघू.

रेश्मा ते झंपर घेऊन दुकानात आली आणि मशीनवर आपटलं. मी डब्यात होतो, पण झाकण नव्हतं, सगळं ऐकलं.

"आबा, याच्यानं पडले मी. फिट न्हाई न् बिट न्हाई."

रंगनाथनं नाडी ओढून पाहिली. "कुनी आवळलं तुला?"

"मैत्रिनींनी. एकीनं पाठीला गुडघा लावला हुता."

"मंग पडशील न्हाई तर काय! घोड्याच्या खोगिराचा तंग सुदिक कुनी असा आवळत न्हाई."

आजी रतनबाई दारात शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "कागद दाखवून मोकळी हो गं. नायतर साधं झंपर घाल."

"कागद न्हाई दाखवायची, आजी. आज ह्यो कागद, उद्या दुसरा. अन् साधं घातलं तर म्हंतील, बघा, दुखनं झाकलं. मी आसलंच झंपर घालनार अन् समद्यांच्या पाया पडनार. मग कडूआत्याला काय बोलायचं ते बोलू दे."

"अन् परत पडलीस तर?"

"पडले तर लग्न मोडंल," रेश्मा म्हणाली. "म्हनून तर आबांकडं आले."

रंगनाथनं आयुष्यभर पुरुषांचे कपडे शिवलेले. बाईचं झंपर म्हणजे काय, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. पण "येत नाही" हा शब्द त्याच्या तोंडात बसत नव्हता. "पुढून उघडनारं करू," म्हणाला. "तुजं तुला लावता येईल, तुजं तुला सोडता येईल. पाठीमागं गडी कशाला लावायचे?"

इथवर ठीक. मग म्हाताऱ्यानं जो घोळ घातला, तो बघून माझा गंज वाढला. आधी चेन लावली. दुकानात कपडे चढवून बघायचा धडाचा पुतळा होता, त्याच्यावर चढवली, झकास बसली. रेश्मा वाकली, पोटावर काड्या दुमडल्या, चेनीचे दात फाकले. मग टिचबटणं लावली. पुतळ्यावर झकास. रेश्मा वाकली आणि टिच टिच टिच, दिवाळीतल्या टिकल्या वाजाव्यात तशी सुटली. चपलेला असते तसली चिकटपट्टी लावली, तिनं शालूचा काठच धरून ठेवला. मग बायकांच्या झंपराचे बारके हूक. ते उभं असताना पक्के. पण माणूस वाकलं की पुढचं कापड ढिलं पडतं, आणि ढिलं पडलं की बारका हूक कडीतून निसटतो. हे मला डब्यात पडल्या पडल्या कळत होतं! दर वेळी रंगनाथ कपडा पुन्हा पुतळ्यावर चढवायचा आणि म्हणायचा, "हितं तर बसतंय की! पोरगीच वाकडी वाकती."

शेवटी रतनबाई बोलली. दिवसभर रेश्मा तिच्याच पाया पडत होती आणि "औक्षवंत हो" म्हणून म्हातारीचा घसा सुकला होता.

"आवो, तुमचा पुतळा कदी कुनाच्या पाया पडलाय का?"

रंगनाथ पुतळ्याकडं बघायला लागला. इंचपट्टी गळ्यात, तोंड उघडं. चाळीस वर्षं जो पुतळा देव मानला, तो कुणापुढं वाकत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. रागानं त्यानं खडू शोधायला डबा पालथा केला आणि मी मशीनवर पडलो. मला उचलून बोटांत फिरवत बसला.

"ह्यो आप्पासायबाचा," म्हणाला. "वीस वर्सं त्यो डोंगर पेलला ह्यानं."

एवढं ऐकायला मला सहा वर्षं लागली.

पँटीचा हूक जाड, चपटा, खोल तोंडाचा. एका हातानं चिमटीत धरून आत दाबलं की सुटतो, एरवी नाही. रंगनाथनं जुन्या पँटींचे आणखी चार हूक उसवले. पण वाकल्यावर कापड ढिलं पडायचं ते पडायचंच. त्यावर रतनबाईचा तोडगा निघाला, "कडीच्या मागं इलास्टिक घाला की. ढिलं पडलं तर वढंल, फुगलं तर सोडंल. तुमच्या चड्डीला चालतं, तर नवरीला न चालायला काय झालं?"

"गिऱ्हाइकाम्होरं चड्डी काढू नगंस," रंगनाथ खेकसला. पण घातलं.

पाच हूक, पाच कड्या, प्रत्येकीमागं दोन बोटं इलास्टिक, वरून झाकणारी पट्टी. मी मधला, बरोबर पोटावर. मला एकट्याला सोडलं तरी बाकीचे चौघे झंपर धरून ठेवतील, अशी मांडणी. मग परीक्षा घेतली. रेश्मा तीस वेळा वाकली. मांडी घालून बसली. तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. मला काय त्याचं, मी आप्पासाहेबांच्या सात पाहिल्यात.

"वाकनं झालं, बसनं झालं, खानं झालं," रंगनाथ म्हणाला. "काय राह्यलं?"

"काय न्हाई," रेश्मा म्हणाली.

मलाही वाटलं, काही नाही. तिथंच चुकलो आम्ही सगळे.

रेश्मानं कागदाऐवजी उलटा निरोप धाडला, मांडवात सगळ्यांच्या पाया पडते, पडले तर लग्न मोडा, आणि नवरदेवाकडच्यांनी तो कबूल केला. लग्न वैशाखात, सुप्याच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. ऊन असं, की पत्रा तडतडत होता. अक्षता पडल्या आणि कडूबाईनं रेश्माच्या दंडाला धरलं. एकेक पाव्हणा समोर आणला. "ह्ये माजे चुलत दीर. ह्या त्यांच्या थोरल्या भैनी. ह्यांच्या पडलीस का? बरं, परत पड." मधेच पट्टीखाली बोट घालून म्हणाली, "चोळी हाय का घोड्याचा तंग!" रेश्मा वाकायची, उठायची, वाकायची, उठायची. इलास्टिक आत ओढायचं, बाहेर सोडायचं. आम्ही पाचही जण घट्ट. चाळिसाव्यानंतर कडूबाईच दमली, खुर्चीवर बसली आणि पदरानं वारा घ्यायला लागली. ओंकारनं तिला पाण्याचा ग्लास दिला आणि हळूच बायकोकडं बघून हसला. त्या हसण्यात मला वाटलं, जिंकलो.

पाठवणीची वेळ झाली. रेश्मा आजीच्या पाया पडली, बापाच्या पडली, आणि इकडंतिकडं बघायला लागली. रंगनाथ कुठं होता? मांडवामागं, पाण्याच्या टाकीपाशी. एक वाकणं तेवढंच कमी, म्हणून लपला होता खुळा! रेश्मा तिथं गेली. मागून कडूबाई आणि पन्नास बायका.

"आबा, तुमीच राह्यलात."

"नगं गं. टाका जपून ठिव."

ती वाकली. त्याच्या फुटक्या चपलांवर हात ठेवले आणि उठायच्या ऐवजी रडायला लागली. हळू नाही. बरगडीपासून.

हुंदक्याची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती! वाकताना पोट आत जातं. हुंदक्याला छाती बाहेर येते, आणि पुढचा हुंदका पहिल्याच्या डोक्यावर. इलास्टिक होतं तेवढं ताणलं. पुढं जागा नाही. तिला श्वास मिळेना. ती कशीबशी उभी राहिली, ओठ पांढरे, डोळे फिरायला लागले. आणि मी? मी सुटेना! सुटू नये म्हणूनच तर मला घडवलेला. वीस वर्षं ज्याची मिजास केली, त्या पक्केपणाचा त्या घडीला मला वीट आला. कडूबाईनं मान पुढं काढली. "आता बघा गं," असं तिनं शेजारणीला म्हटलेलं मी ऐकलं.

रंगनाथनं रेश्माच्या तोंडाकडं पाहिलं नाही. शिंपी तो. त्यानं पोटावरची काडी पाहिली, कशी धनुष्यागत वाकली होती ती. आणि ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या पोरालाही कधी जवळ घेतलं नव्हतं, त्यानं दोन्ही हात पसरून नातीला मिठीत ओढलं. एक हात तिच्या डोक्यावर. दुसरा शालूच्या पदराखाली, पट्टीच्या आत. अंगठा आणि दोन बोटं. ओढ्याकाठी सोडायचे तसा मला सोडला, एका हातानं, एका दमात.

रेश्माच्या छातीत वारा शिरला. बाकीच्या चौघांनी झंपर धरून ठेवलं. ती आता मोकळी रडली, हवं तेवढं रडली, आणि पायांवर उभी राहिली.

"रडनं राह्यलंच की गं," रंगनाथ तिच्या कानात म्हणाला. "ध्यानातच आलं न्हाई बघ माज्या."

ती रडता रडता फिसकन हसली. म्हाताऱ्याला मात्र आवरेना. त्याचाच हुंदका तिच्या खांद्यावर सुरू झाला, तो थांबेचना. शेवटी रेश्मानंच त्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी पाजलं.

कडूबाई बघत होती. ती म्हणाली, "पोरगी तर खमकी हाय बाई. ह्या म्हाताऱ्यालाच फिट यायची."

सगळ्या बायका हसल्या. कागदाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

हल्ली मी पारनेरच्या दुकानात खिळ्यावर टांगलेला असतो. रेश्मानं ते झंपर आजाला परत आणून दिलं, नमुना म्हणून. तालुक्यातल्या नवऱ्या येतात, ते झंपर अंगावर चढवून बघतात. पुतळा बाहेर उन्हात उभा केलाय, त्याच्यावर रतनबाई गोधडी वाळत घालते. रंगनाथ पोरींना म्हणतो, "वाक. बस. ही पोळी खा. आता रडून दाखव."

"आबा, असं रडू येतं व्हय!" पोरी खिदळतात.

"मंग हास. त्येनं बी बरगडी फुगती."

आणि हसता हसता तो त्यांच्याकडून मला एका हातानं सोडवून घेतो. ज्या पोरीला जमत नाही, तिचं माप घेत नाही.

माझं मागणं थोडंच आहे. सोडताना ओढू नका, चिमटीत धरा आणि आत दाबा. मला उसवून परत डब्यात टाकू नका. आणि टाकलंतच, तर कडीसकट टाका.