जमत नसेल तर थांब

नळीतून हवेचा बुडबुडा गेला आणि पंप बोंबलला नाही.

मधलीनं टिचकी मारून दुसरा सोडला. तोही ऐटीत पुढं निघून गेला. दिवा नाही, शिट्टी नाही. पंप आपला निर्लज्जासारखा औषध ढकलत राहिला. असलेच आठ पंप काल इस्पितळात गेले होते, माणसांच्या शिरेत औषध सोडायला.

घरात मधली सून म्हणून ती मधली, ऑफिसात ताई. पंपाला अक्कल देणारा प्रोग्रॅम तिचाच, आणि घरातली चूलही तिच्याच पगारावर.

तिनं प्रोग्रॅमच्या मांडणीची फाईल उघडली. प्रोग्रॅमच्या भाषेचे नियम दर काही वर्षांनी नवे निघतात. कुठले धरायचे ते या फाईलमध्ये सांगायचं, मग कंपायलर त्याप्रमाणे लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देतो. 'नवे नियम धर' असं मधलीनं लिहिलं होतं. 'जमत नसेल तर थांब' ही खालची ओळ राहून गेली. तिच्या टेबलावरचा कंपायलर नवा, तिथं सगळं झकास. कारखान्यातला म्हातारा. त्याला नवे नियम ठाऊकच नव्हते. हूं की चूं न करता त्यानं जुने धरले. आणि बुडबुडा आला की शिट्टी वाजवणारी ओळ तिनं 'नवे नियम असतील तरच घे' असं बजावून ठेवलेली. म्हाताऱ्यानं ती खुशाल गाळली. तपासली गेली ती तिच्या टेबलावरची प्रत, पंपात गेली कारखान्यातली.

पंप पास करणारा तपासनीस मागं उभा राहून बघत होता. "ताई, ओळ टाका, नवी प्रत पाठवून द्या. नेहमीची सुधारणा म्हणायचं. कुणाला कळतंय?"

"आणि तोवर?"

"बुडबुडा काय रोज येतो?"

"तुझ्या आईच्या हाताला हा पंप लावला असता, तर?"

तो हळूच म्हणाला, "साहेब घरी बसवतील तुम्हाला."

ते तिलाही माहीत होतं. इस्पितळाचा नंबर दोनदा चुकला. स्पीकर लावून तिनं फोन टेबलावर ठेवला.

"चार चालू आहेत," सिस्टर म्हणाली. "का हो?"

"नळीत हवा शिरली तरी वाजत नाहीत ते. आत्ताच्या आत्ता काढा, सिस्टर. औषध हातानं सोडा."

पलीकडं फोन आपटला. पळत गेलेली पावलं. मग कुणीतरी खोकलं, आणि त्यानंतर काहीच नाही. मधलीच्या नको नको ते डोळ्यांपुढं यायला लागलं. दारात साहेब आले.

"काय चाललंय?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं साहेबांना हाताचा पंजा दाखवून गप्प केलं.

"काढले," सिस्टर धापा टाकत होती. "तिघं ठीक आहेत. चौथ्या आजी. त्यांच्या नळीत हवा होती, सुईपासून चार बोटांवर. चिमटा लावला, वाचल्या. आता वहीत लिहावं लागेल मला. कळवलं कुणी, कंपनीनं?"

साहेब दारातून जोरजोरात मान हलवत होते. हो म्हण, कंपनीनं.

मधलीनं स्वतःचं नाव सांगितलं. "प्रोग्रॅम माझा होता, तेही लिहा."

आडनाव सिस्टरला नीट कळलं नाही. मधलीनं एकेक अक्षर सुटं करून परत सांगितलं, आणि पलीकडं लिहून होईपर्यंत थांबली.