मालनबाईंचा खोकला आणि बद्रीनाथ सरांचे मासे

"टाळ्या! जोरात टाळ्या! साळूबाईंची खाज माशानं घेतली!"

रविवारी सकाळी जालना रोडवरच्या एका हॉलमध्ये शंभरेक माणसं टाळ्या पिटत होती. करमाडच्या साळूबाई पुढं उभ्या राहून सगळ्यांना मोबाइल दाखवत होत्या. मोबाइलमध्ये एका माशाचा फोटो होता. त्याच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके उठले होते.

"मही खाज गेली अन् माशाच्या अंगावर हे आलं," साळूबाई म्हणाल्या. "खोटं नाय सांगत. लेकराची शपथ."

त्यांच्या शेजारी, टाळ्या मागत, बद्रीनाथ सर उभे होते. त्यांना महाराज म्हणायचं नाही, बाबा म्हणायचं नाही. सर म्हणायचं. अंगात पांढरा कोट, खिशाला दोन पेनं. मागं भिंतभर काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची, निळ्या दिव्यांची. तिच्यात धष्टपुष्ट समुद्री मासे आरामात फिरत होते. आलेल्या प्रत्येक रोग्यानं या काचेला दोन्ही तळवे लावायचे, तीनदा जोरात श्वास सोडायचा आणि मग आपल्या घरच्या टाकीसाठी मासे विकत न्यायचे, असा इथला उपचार होता.

"मित्रांनो, लोणच्यात मीठ का घालतो आपण?" सरांनी विचारलं. "फोडीतलं पाणी ओढायला! तसंच खारं पाणी तुमच्या पेशींमधून व्याधीची लहर ओढतं आणि मासा ती अंगावर घेतो. इथं अंगारा नाही, धागा नाही, मंत्र नाही. इथं मोजमाप आहे!"

असं म्हणून त्यांनी दुर्बिणीसारखी एक नळी डोळ्याला लावली, दिव्याकडं तोंड केलं आणि ओरडले, "पस्तीस! ओढ एकदम परफेक्ट!"

ती नळी पाण्यातलं मीठ मोजायची असते. पस्तीस म्हणजे पाणी समुद्राइतकं खारट आहे, एवढंच. पण लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सिल्लोडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि मी तिथं बसले होते कारण माझ्या शेजारी माझी आई बसली होती. मालनबाई तिचं नाव. मी बांधलेल्या मास्कच्या आत ती एकसारखी खोकत होती.

आईला उन्हाळ्यात क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. दोनेक महिन्यांत ताप गेला, खोकला थांबला, तिला जेवण जायला लागलं. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पण त्याच दिवसांत माझ्या धाकट्या भावानं, संघपालनं, घरात बद्रीनाथ सरांची टाकी आणून बसवली.

आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे, बावीस प्रतिज्ञा लहानपणापासून तोंडपाठ आहेत. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीन चालवणाऱ्या संघपालनं दारात आलेल्या बुवाला चपलेनं हाणून हाकललं असतं. पण हा कोट घालून आला. "ताई, यात देवबिव काही नाय. सायन्स हाय," संघपाल मला फोनवर म्हणाला होता. घराला शोभा येईल, आईचा जीव रमेल, असं समजून मीही त्यावर फार बोलले नाही.

मग एकाच आठवड्यात सगळे मासे मेले. कशानं मेले ते कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही, कारण सरांचं उत्तर तयारच होतं. आईचा रोग माशांनी नेला! संघपालनं गल्लीत पेढे वाटले. सरांनी बजावलं, "आता गोळ्या बंद. रोग पाण्यात उतरलाय, गोळ्या घ्याल तर त्याला परत बोलवाल." दवाखान्याकडून गोळ्यांची चौकशी करायला येणाऱ्या आशाताईंना आई सांगायची, घेते की रोज. पुढं खोकला परत सुरू झाला तेव्हा सर म्हणाले, "हा रोगाचा दुसरा थर. आणखी चार मासे लागतील."

मी सुटीला घरी गेले तेव्हा तांदळाच्या डब्यात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली.

"आई, हे काय आहे?"

"माशानं घेतलं की गं महं दुखणं," आई म्हणाली. "तो पिवळा मासा तू पाह्यला नाहीस. लई गुणाचा. मह्या बोटामागं फिरायचा. मह्यासाठी तडफडून मेला बिचारा. आता म्या परत गोळ्या गिळल्या तर त्यो मेला कशाला?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. या माणसानं माझ्या आईला नुसतं फसवलं नव्हतं. तिच्या चांगुलपणाचाच फास करून तिच्या गळ्यात घातला होता. मी विनवलं, ओरडले, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. आई ढिम्म. तेवढ्यात संघपाल नव्या माशांची पिशवी घेऊन आला. मी त्यातले दोन मासे काढून घेतले.

"ताई, ते आईच्या नावाचे मासे हायेत!"

"असू दे. माशाला नाव वाचता येत नाही."

ते दोन मासे मी सिल्लोडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. काचेची रिकामी टाकी, तळाला वाळू नाही, वेगळं जाळं, ताजं खारं पाणी. तिथं कुणाला खोकला नाही, ताप नाही. आठवडा भरायच्या आतच दोघांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. घरी उरलेल्या दोघांवरही उठले, आणि तिकडं आई आता बरी होणार म्हणून शिरा झाला. खोकला मात्र वाढतच होता. मी संघपालला फोटो पाठवले. तो म्हणाला, "फोटो काय, कुठूनबी काढता येतो." म्हणून त्या रविवारी तो आईला सरांकडं घेऊन निघाला तेव्हा मी ठिपक्यांचा एक मासाच प्लास्टिकच्या बरणीत घालून सोबत नेला.

साळूबाईंचं कौतुक संपतंय तोवर आईला खोकल्याची जोरदार उबळ आली. मी तिला धरून हॉलच्या मागं, हात धुवायच्या जागेकडं नेलं. तिथं एका खोलीचं दार उघडं होतं. आत एक छोटी टाकी. तळाला वाळू नाही, शेजारी खुंटीला वेगळं जाळं, फळीवर माशांच्या औषधाची बाटली. पाण्यात दोन नवे मासे. मला हसूच आलं. माझ्या सिल्लोडच्या टाकीची ही सख्खी बहीण होती.

आईनं तोंड पुसलं. "हे मासे असे एकलेच काहून ठेवले?"

"नवे आहेत ना. नवा मासा सोबत रोग घेऊन येऊ शकतो. म्हणून मोठ्या टाकीत सोडायच्या आधी त्याला काही आठवडे वेगळं ठेवतात, ठिपके उठतात का बघतात, औषध देतात. स्वच्छ निघाला तरच आत."

"मग आपल्याला दिले त्ये?"

"ते थेट. न बघता."

आईनं फळीवरची बाटली नीट बघून घेतली. मग मास्क नीट करून माझ्या आधीच हॉलकडं चालू लागली.

मी बरणी वर धरून उभी राहिले. "सर, एक विचारू?"

"विचारा ताई! विज्ञानात प्रश्नाला बंदी नसते."

"हा तुमच्याकडचा मासा. आठवडाभर सिल्लोडला होता. तिथं कुणीही आजारी नाही. मग याच्या अंगावर हा कुणाचा रोग?"

सरांची पापणी लवली नाही. "आपण मालनबाईंच्या कन्या ना? रक्ताची लहर अंतर मानत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चाट पडले. इतकं निर्लज्ज उत्तर इतक्या चटकन मला सात जन्मांत सुचलं नसतं.

"बरं," मी म्हटलं, "मग ही मोठी टाकी घ्या. दर रविवारी सगळ्या जिल्ह्याचे रोगी हिला हात लावून श्वास सोडतात. या माशांवर एकसुद्धा ठिपका का नाही?"

"हे सहा वर्षांचे आहेत! हे मास्टर मासे. हे रोग ठेवून घेत नाहीत, पुढं पाठवतात."

पुन्हा टाळ्या वाजणार तेवढ्यात आई बोलली. आवाज फार मोठा नव्हता, पण पुढच्या रांगांना पुरला.

"मग मागच्या खोलीत औषध कुणाला पाजतो रे बाबा?"

सर घाईनं मागच्या दाराकडं वळले.

"ते... ते माशांचं विश्रांतिगृह आहे," ते म्हणाले. तोवर आठदहा जण आत जाऊन बघून आले होते. एका रिक्षावाल्यानं बाटलीच उचलून आणली. "सर, आराम करने को दवाई कायको लगती?"

मग मी लोकांना समजावून सांगितलं. ठिपके म्हणजे माशाच्या कातडीत घुसलेले बारीक परजीवी जीव. ते नव्या माशाबरोबर येतात. पोट भरलं की गळून तळाच्या वाळूत पडतात, आणि ठिपके गेले असं वाटतं. तेव्हा हे सर म्हणतात, रोग पचला. वाळूत एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा माशांवर तुटून पडतात. तेव्हा सर म्हणतात, दुसरा थर. शेवटी ते कल्ल्यांत शिरतात आणि मासा गुदमरतो. यात ना कुणाची खाज असते ना कुणाचा क्षय. न तपासलेला आजारी मासा तुमच्या टाकीत गेला की हा चमत्कार आपोआप होतो, आणि हे या माणसाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच स्वतःचे मासे तो असे जपतो.

"मंग मही खाज कशी गेली?" साळूबाईंनी विचारलं.

"काही लावत होतात का?"

"दवाखान्याची ट्यूब व्हती. रोजच्या रोज लावत व्हते." मागं कुणीतरी हसलं, पण साळूबाई हसल्या नाहीत. त्यांनी सरांकडं असं पाहिलं की सर दोन पावलं मागं सरकले.

हॉल रिकामा झाला असं तुम्हाला वाटत असेल तर ते खोटं आहे. निम्मे लोक उठले, निम्मे बसून राहिले. त्यांच्यापुढं सर मला "नकारात्मक लहर" म्हणाले. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. पण मला खरी धडकी भरते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या बंद हॉलमध्ये आई मास्क न बांधता कितीतरी रविवार त्या काचेवर खोकली. माशांना काही झालं नाही. शेजारी बसलेल्या माणसांचं काय झालं असेल? आशाताईंना सगळं सांगितलं, आता त्या माणसांची तपासणी चालू आहे.

आईचा नवा अहवाल आला. गोळ्या मध्येच सोडल्यामुळं जंतू त्या औषधांना दाद देईनासे झालेत. आता उपचार लांबले, औषधं जास्त कडक झाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडल्या नसत्या तर मालनबाई एव्हाना बऱ्या झाल्या असत्या. संघपाल रोज सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढं बसतो आणि शेवटची गोळी घशाखाली उतरेपर्यंत हलत नाही. आईला मळमळतं, कधीकधी रडते, पण घेते.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कोट बघू नका, यंत्र बघू नका, टाळ्या तर मुळीच ऐकू नका. जो बरा झाला तो आणखी काय घेत होता, हे विचारा. डॉक्टरला न विचारता औषध थांबवायला कुणी सांगितलं, तर त्या माणसाला दाराबाहेर काढा. बद्रीनाथ सर नव्या माशाला आपल्या टाकीत सोडण्याआधी काही आठवडे वेगळा ठेवून तपासत होते. आम्ही बद्रीनाथ सरांना एक दिवसही न तपासता घरात घेतलं, आणि त्याची किंमत माझी आई रोज सकाळी गिळते आहे.